एकेचाळीस चिनी कंदील आणि माझे दोन हात

माझी नात अंतरा आठ वर्षांची आहे आणि तिने मला शपथ घालून शाळेत नेलं. तिच्या वर्गाला कंदील शिकवायचा, पण स्वतःचा कागद सोडून दुसऱ्या कोणाच्याही कागदाला बोट लावायचं नाही. माझं काम नसेल तेव्हा दोन्ही हात पँटच्या खिशात.

"आणि बोट लागलं तर?" मी विचारलं.

"तर मी तुमच्याबरोबर पुन्हा कध्धीच कंदील करणार नाही."

"आणि नाही लागलं तर?"

तिने थोडा विचार केला. "बघू," म्हणाली.

त्या 'बघू'साठी मी खिशात काय, पोत्यातसुद्धा हात घालून उभा राहिलो असतो.

आता ही वेळ माझ्यावर का आली ते सांगतो. चूक माझीच आहे, पण मी ती माझ्या पद्धतीने सांगेन. मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये चौतीस वर्षं ड्राफ्ट्समन होतो. रेघ अर्धा मिलिमीटर हलली की अख्खी शीट नव्याने काढणारा माणूस. डोंबिवलीतल्या आमच्या गॅलरीत दर दिवाळीला माझ्या हातचा कंदील लागतो. बांबूच्या काड्या, पतंगाचा कागद, खाली झिरमिळ्या. अंतरा तीन वर्षांची झाल्यापासून खळीची वाटी घेऊन माझ्या मांडीला मांडी लावून बसायची आणि खळ कागदापेक्षा माझ्या लेंग्याला जास्त लावायची.

गेल्या वर्षी तिने पहिल्यांदा एकटीने कंदील केला. तो षटकोनी होता असं तिचं म्हणणं होतं. मला पाचच कोन सापडले आणि तेही एकमेकांवर रुसलेले. ती भरतनाट्यमच्या क्लासला गेली होती आणि मी म्हटलं, एक काडी तेवढी सरळ करू. पण एक काडी सरळ केली की शेजारची वाकडी दिसायला लागते. दीड तासाने मी खुर्चीवरून उतरलो तेव्हा गॅलरीत एक देखणा, ओळंब्यात टांगलेला, दुकानात शोभेल असा षटकोनी कंदील होता.

ती आली. हातात घुंगरांची पिशवी. वर बघत राहिली.

"माझा कुठेय?"

"हाच की!"

"हा तुमचा आहे," ती म्हणाली आणि आत निघून गेली.

त्याआधी ती मला 'आबा, तू' म्हणायची. त्या दिवसापासून 'तुम्ही' झालो. आमच्या घरात एवढा मान मला कोणी कधी दिला नव्हता आणि तो मला अजिबात नको होता. सरोज, म्हणजे माझी बायको, स्वयंपाकघरातून एवढंच म्हणाली, "झालं समाधान?"

यंदा नवरात्रातच अंतराने जाहीर केलं की ती कंदील करणार नाही, दुकानातून आणा. मी गॅलरीत जाऊन कुंड्यांना पाणी घातलं. सरोजने सकाळीच घातलेलं होतं, त्यामुळे ते खालच्या मजल्यावर ठिबकायला लागलं आणि तिथून आरडाओरडा झाला. मला फार वाईट वाटत होतं, पण कंदिलावरून रडणारा सदुसष्ट वर्षांचा माणूस कोणाला दिसायला नको म्हणून मी ती बोलणी मुकाट ऐकून घेतली.

तर अशा वेळी अंतराच्या वर्गशिक्षिका हेमांगीबाई मदतीला आल्या. रोज टिटवाळ्याहून येणारी सव्वीस वर्षांची मुलगी. दिवाळीच्या सुट्टीआधी शाळेत 'देशोदेशीचे कंदील' असं प्रदर्शन होतं, चिठ्ठ्या टाकल्या होत्या आणि तिसरी 'अ'ला चीन आला होता. बाईंनी वर्गात विचारलं, कोणाच्या घरी हाताने कंदील करतात? अंतराचा हात वर गेला. "चुकून गेला, सवयीने," तिने घरी येऊन खुलासा केला. पण गेला तो गेला.

मी आठ दिवस तयारी केली. चिनी कंदील सोपा असतो. घोटीव कागदाची लांबीत घडी घालायची. घडीच्या बाजूने बोट बोट अंतरावर काप द्यायचे आणि समोरची कड यायच्या आधी दोन बोटं थांबायचं. घडी उघडून कागद गोल चिकटवला की मधल्या पट्ट्या फुगून बाहेर येतात. वर धरायला एक पट्टी लावली की झालं. मी घरी एकोणीस केले. सरोजने ते स्वयंपाकघरात, हॉलमध्ये आणि शेवटी जागा उरली नाही म्हणून न्हाणीघरात टांगले. खालच्या मजल्यावरचे, ज्यांच्या डोक्यावर पाणी पडलं होतं ते, बघायला आले आणि म्हणाले, "काय टिपणीस, आता तुम्हीसुद्धा चायना माल?"

वर्गासाठी कागद मी मोजून नेले. मुलं एकेचाळीस आणि मी एक, म्हणून बेचाळीस. जास्तीचे कागद नेणं म्हणजे चूक होणार हे आधीच कबूल करणं. मी तसलं आयुष्यात केलेलं नाही.

सकाळी साडेनऊला मी फळ्यासमोर उभा राहिलो. अकराला हॉलमध्ये प्रदर्शन उघडणार होतं. अंतराने वर्गाला आधीच सगळं सांगून ठेवलेलं दिसलं, कारण मी 'मुलांनो' म्हणायच्या आधी पहिल्या बाकावरच्या सूरज नावाच्या इसमाने विचारलं, "आजोबा, तुमचे हात खिशात का नाहीत?"

"आत्ता मी दाखवणार आहे ना."

"ओके. पण नंतर आत. आमचं लक्ष आहे."

मी कागद छातीसमोर उंच धरला. घडी माझ्या उजव्या हाताला. "बघा, अगदी असा धरायचा. मी धरलाय तस्सा." एकेचाळीस कागद वर झाले. "आता उजवीकडून कापायला सुरुवात. बोटभर अंतर. पलीकडे दोन बोटं सोडून थांबायचं." मी माझा कंदील कापला, गोल केला, चिकटवला. इतका नेटका झाला की मागून दोघीतिघींनी टाळ्या वाजवल्या. मग मी हात खिशात घातले आणि एकेचाळीस कात्र्या एकदम सुरू झाल्या.

पुढची वीस मिनिटं माझ्या वैऱ्यावरही येऊ नयेत. एकाची पट्टी इकडे जाड, तिकडे दोऱ्याएवढी. एकीचा काप निघाला पूर्वेला आणि पोचला पश्चिमेला. एका मुलाने जीभ बाहेर काढून कापता कापता कागदाबरोबर स्वतःच्या शर्टाचं बटणही कापलं. माझ्या हाताला अशी खाज सुटली की विचारू नका. एकदा उजवा हात नुसता मनगटापर्यंत बाहेर आला तर अख्खा वर्ग ओरडला, "हाऽऽत!" मी तो परत आत घातला. पाच मिनिटांनी डावा आला. "हाऽऽऽत!" हेमांगीबाईसुद्धा ओरडल्या. त्या कोणाच्या बाजूच्या आहेत ते मला तिथे कळलं.

शेवटच्या बाकावरून अंतरा माझ्याकडे बघत होती. कापत होती आणि बघत होती.

"झालं सगळ्यांचं?" मी म्हणालो. "आता घडी उघडा."

कागद उघडल्याचा आवाज झाला. दुसऱ्या बाकावरची ऐश्वर्या उभी राहिली. तिने तिचा कागद दोन बोटांत धरून माझ्यासमोर नाचवला.

"आजोबा, ही फणी झालीये."

खरंच फणी होती. मध्ये एक जाड पट्टी आणि दोन्ही बाजूंना दात. आमची आई आमच्या उवा काढायची तशी, फक्त गुलाबी. मी इकडे बघितलं, फणी. तिकडे बघितलं, हिरवी फणी. एकेचाळीस फण्या. तेवढ्यात हर्षित नावाच्या मुलाने त्याची फणी पुढच्याच्या डोक्यात फिरवली आणि "टीचर, सापडली! मोठीये!" अशी आरोळी ठोकली. झालं. वर्गात जो तो दुसऱ्याच्या उवा काढायला लागला. मुलं बाकांवर चढली, बाकांखाली शिरली, एक मुलगी बाईंची वेणी विंचरायला लागली आणि बाई तोंडात ओढणी कोंबून हसत होत्या.

मी मात्र माझ्या कंदिलाकडे आणि त्यांच्या फण्यांकडे बघत होतो. त्यांनी घडीच्या बाजूने कापायच्या ऐवजी उघड्या बाजूने कापलं होतं. एकाने चुकवलं असतं तर समजलो असतो. एकेचाळीस जणांनी एकसारखं कसं चुकवलं? आणि मग डोक्यात प्रकाश पडला.

मी त्यांच्याकडे तोंड करून उभा होतो. घडी माझ्या उजवीकडे होती, म्हणजे त्यांना ती डावीकडे दिसत होती. मी म्हणालो, मी धरलाय तस्सा धरा. त्यांनी दिसला तस्सा धरला. मग मी म्हणालो, उजवीकडून कापा. त्यांनी त्यांच्या उजवीकडून कापलं. एकाही मुलाने काडीची चूक केली नव्हती. चौतीस वर्षं मी 'समोरून कसं दिसेल' याचीच चित्रं काढून पगार घेतला, आणि समोर मुलं बसली आहेत हेच माझ्या ध्यानात आलं नाही. वीस मिनिटं त्यांच्या कागदांकडे डोळे फाडून बघत होतो आणि मला फक्त वाकडेपणा दिसत होता.

दहा वाजून गेले होते. कागद मोजून आणलेले. कोपऱ्यावरचं स्टेशनरीचं दुकान अकराशिवाय उघडत नाही. माझे हात खिशातून बाहेर यायला निघाले होते. चिकटपट्टी मिळाली असती तर एकेका फणीला मागून जोड देऊन मी निदान पंधरा तरी कंदील उभे केले असते. पंधरा चांगले आणि बाकीचे लपवायचे. मी अंतराकडे बघितलं. तिला मी पूर्ण माहीत आहे. माझ्या मनात काय चाललंय ते तिला तिथून वाचता येत होतं.

मी हात आणखी खोल घातले. "मुलांनो," मी म्हणालो, "ही माझी चूक आहे. तुम्ही बरोबर केलंत. मी चुकीचं सांगितलं."

गोंगाट थांबला. सूरजने डोळे बारीक केले. "म्हणजे आजोबा, तुम्ही चुकलात?"

"हो."

"पूर्ण?"

"पूर्ण."

"आम्ही सगळे बरोबर आणि तुम्ही एकटे चूक?"

"हो रे बाबा, हो!"

असा आनंद मी कोणाच्या लग्नात बघितलेला नाही. "आजोबा चुकले!" हर्षित किंचाळला आणि सगळ्यांनी ते उचललं. "आजोबा चुकले! आजोबा चुकले!" बाकांवर ठेका धरला. दोन मुली फुगडी घालायला लागल्या. शेजारच्या वर्गातून कोणी तरी डोकावून गेलं. आणि शेवटच्या बाकावर अंतरा तोंडावर हात धरून हसत होती, हात पुरेना म्हणून फणी धरून हसत होती. वर्षभरात माझ्यामुळे ती पहिल्यांदा हसली. खरं सांगतो, त्या हसण्यासाठी मी आणखी चार चुका केल्या असत्या.

मार्ग ऐश्वर्याने काढला, पण तो काढायचा म्हणून नव्हे. तिने आपली फणी गोल करून सूरजच्या गळ्यात घातली. दोन्हीकडचे दात फिस्कारून उभे राहिले. सूरजने पंजे पुढे करून डरकाळी फोडली.

"सिंह!" कोणी तरी म्हणालं.

"सिंह नाय रे, ड्रॅगन. चायनात ड्रॅगन असतो. असतो ना टीचर?"

हेमांगीबाईंनी वेणी सोडवून घेतली आणि कपाटातून तीन स्टेपलर काढले. "सगळ्यांची कडी करा," त्या म्हणाल्या. "एकाचं कडं पुढच्याच्या कड्याला जोडायचं." अर्ध्या तासात गुलाबी, हिरवा, निळा, पिवळा, फिस्कारलेला, तब्बल सात मीटर लांब एक प्राणी वर्गात तयार झाला. तो सरळ नव्हता. कमरेत मोडला होता, पाठीला बाक होता, एका ठिकाणी तर तो मागे वळून स्वतःकडेच बघत होता. मी डोळे मिटून घेतले. उघडले तरी तो तसाच होता.

"डोकं कुठेय?" हर्षितने विचारलं.

एकेचाळीस मुलांनी टेबलाकडे बघितलं. तिथे माझा कंदील होता. वर्गातला एकुलता एक बरोबर कंदील.

अंतरा पुढे आली आणि तिने तो उचलला. कात्रीने मधल्या चार पट्ट्या कचाकच कापून तोंड केलं. त्यात एका कापलेल्या पट्टीची जीभ खुपसली, बाकीच्यांचे एक वर एक खाली असे दात चिकटवले, काळ्या स्केचपेनने दोन डोळे काढले. एक मोठा, एक छोटा.

"अगं, माझा कागद!" मी म्हणालो. "हात लावायचा नाही असं ठरलं होतं ना?"

"शपथ तुम्ही घेतलीय. मी कुठे घेतली?"

तिने ते डोकं माझ्यासमोर धरलं. पाच मिनिटांपूर्वी तो माझा कंदील होता. आता त्यातलं माझं काहीही उरलं नव्हतं, आणि तो छान झाला होता, आणि तरी मला छातीत बारीकसं दुखलं. गेल्या वर्षी घुंगरांची पिशवी घेऊन गॅलरीत वर बघणारी ती, तिला काय झालं असेल ते मला तेव्हा, इतक्या उशिरा, कळलं.

"अंतरा," मी म्हणालो, "मी गेल्या वर्षी तुझा कंदील मोडला. नीट केला असं मी म्हणत होतो, पण मोडला. माझं चुकलं."

ती ड्रॅगनच्या डोळ्यांत स्केचपेनने काळं भरत राहिली. "माहितीये," म्हणाली. "आज दोनदा चुकलात तुम्ही."

हॉलमध्ये ड्रॅगनची शेपटी खिडकीच्या गजाला बांधली आणि डोकं स्टेजच्या बाजूच्या खिळ्याला. अकराला पालक आत आले. मुख्याध्यापिका पुढे होत्या. तिसरी 'अ'ची मुलं आपापल्या कड्याखाली रांगेत उभी, अंतरा शेपटीपाशी. मी डोक्याजवळ, हात खिशात. चौथीचा जपान आणि दुसरीचा थायलंड टेबलांवर शिस्तीत मांडलेले होते. मुख्याध्यापिकांनी आमच्या प्राण्याकडे बघून विचारलं, "यातला कंदील कुठला?" सूरज म्हणाला, "एकच आहे मॅडम. सगळ्यांचा आहे."

आणि तेव्हाच खिळा सुटला.

डोकं आधी मान टाकल्यासारखं झुकलं, मग दोरी सैल झाली आणि पहिलं, दुसरं, तिसरं कडं खाली यायला लागलं. मुलांचे हात पुरत नव्हते. मी दीड फुटावर उभा होतो. "आजोबा, धरा!" सूरज ओरडला. "टिपणीस काका, धरा!" हेमांगीबाई ओरडल्या. सगळा हॉल ओरडत होता आणि मी खिशात मुठी आवळून सात मीटर पलीकडे अंतराकडे बघत होतो. त्यात एकेचाळीस मुलांचे कागद होते. ती सांगेपर्यंत मी हलणार नव्हतो, मग जगाने मला वेड्यात काढलं तरी चाललं असतं.

"आबाऽऽ!" ती शेपटीपाशी उड्या मारत किंचाळली. "बघतोस काय! धर ना!"

माझे हात खिशातून इतक्या जोरात निघाले की उजवा खिसा उसवला. जमिनीपासून वीतभर उंचीवर मी डोकं झेललं. मग दोन्ही हातांनी उंच धरलं आणि हॉलमध्ये शिट्ट्या झाल्या. खिळा परत बसेना, म्हणून प्रदर्शन संपेपर्यंत, म्हणजे एक तास दहा मिनिटं, मीच खिळा झालो. खांदे भरून आले. लोकांनी माझ्यासकट ड्रॅगनचे फोटो काढले. समोरच्या कड्याचा एक दात उलटा दुमडलेला होता, माझ्या नाकापुढे. नुसती करंगळी लावली असती तर सरळ झाला असता. मी फुंकरसुद्धा घातली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पेपर वाचत बसलो होतो. अंतरा बांबूच्या काड्या, जांभळा पतंगाचा कागद आणि खळीची वाटी घेऊन आली. माझ्या मांडीला मांडी लावून बसली. दोन काड्या एकमेकींवर ठेवल्या.

"धर."

"कुठे?"

"इथे. नुसतं धर हं, आबा."

मी धरलं. तीन तास धरलं. ती सांगेल तिथे, सांगेल तेवढं. खळ माझ्या लेंग्याला, चष्म्याला आणि सरोजच्या उशीला लागली. सरोज दारातून दोनदा बघून गेली आणि तिसऱ्यांदा येऊन उशी तेवढी उचलून घेऊन गेली.

संध्याकाळी खुर्चीवर चढून मी कंदील टांगला. अंतरा खाली उभी राहून बघत होती.

"वाकडा आहे ना?"

मी नीट बघितलं. ड्रॉइंगच्या बाबतीत मी कधी खोटं बोललेलो नाही. "आहे. डावीकडे."

"हात लावणार?"

"नाही."

"मग लाइट लाव."

मी लाइट लावला. ती टाळ्या वाजवत आजीला बोलवायला आत पळाली आणि मी खळीचा लेंगा बदलून कालचीच पँट चढवली आणि गुपचूप जिना उतरून रस्त्यावर गेलो, समोरून कसा दिसतो ते बघायला. समोरून तो उजवीकडे वाकडा दिसत होता. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो. हात सवयीने खिशात घातले, तर उजवा हात उसवलेल्या खिशातून आरपार निघाला आणि मी रस्त्यात एकटाच हसायला लागलो.